पाण्याच्या आतलं बघायचा चष्मा

मासे धरायला जाणाऱ्याने गॉगल कसा घ्यावा, यावर मी आजही न थांबता अर्धा तास बोलू शकतो. काच नुसती काळी असून भागत नाही. काळ्या काचेमागे डोळा अंधार समजून आणखी मोठा उघडतो आणि नको तो उजेड आत घेतो. पाण्यावरची चकाकी आडवी पसरून येते, ती नेमकी अडवणारी काच लागते, तिला पोलराइज्ड म्हणतात. आमच्याकडच्या काळ्या मातीच्या गढूळ पाण्याला तपकिरी रंग बरा, करड्याचा उपयोग नाही. कानशिलाच्या बाजूने उजेड शिरता कामा नये. हे सगळं मला तोंडपाठ आहे आणि एवढ्या माहितीचा मी जो उपयोग केला, त्यात एका चांगल्या माणसाचे डोळे गेले. लोक म्हणतात फवारणीच्या औषधाने गेले. खरं आहे. पण त्यात माझा वाटा किती, ते लोकांना माहीत नाही. मला माहीत आहे.

यवतमाळच्या एका कॉलेजात मी पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. भिंगं पुसायची, पोरांनी तोडलेल्या तारा जोडायच्या, परीक्षेच्या दिवशी लोलक मोजून द्यायचे आणि मोजून परत घ्यायचे. प्राध्यापक मंडळी मला ‘अहो’ म्हणत, पोरं ‘काका’ म्हणत. ‘सर’ म्हणणारा जगात एकच माणूस होता, तो बाभुळगावच्या पलीकडच्या एका खेड्यातला शेतकरी. मी त्याला भाऊ म्हणायचो. सहा एकर कोरडवाहू, कपाशी आणि मध्ये तुरीच्या ओळी. गावाला लागून धरणाचं मागचं पाणी पसरलेलं.

त्या पाण्यावर मी रविवारी गळ टाकायला जायचो. घरात चार पिढ्या कारकुनी, मासा घराच्या उंबऱ्याच्या आत चालत नाही, त्यामुळे मला मासा मिळाला नाही तरी कुणाचं काही अडत नव्हतं. आणि मिळत नव्हताच. नागपूरहून आणलेली रिळाची काठी, डोक्यावर टोपी, असा सगळा थाट करून मी एका रविवारी पाण्यात गळ फेकत होतो. मागून आवाज आला, “सर, तुमी मासे धरून राह्यले का पाण्याले मारून राह्यले?”

मी चिडलो. मला चटकन राग येतो, तो दोष जन्मापासूनचा आहे. वळून बघितलं तर खांद्यावर साधी बांबूची काठी घेतलेला एक उंच माणूस हसत उभा होता. त्याने बोट दाखवलं. “तिथं टाका. दोन हात खाली हाये. तोंड तुमच्याकडं हाये त्याचं.” मी टाकला, आणि आयुष्यातला पहिला मासा ओढला. तो त्यालाच देऊन टाकला. तिथून आमचं जमलं.

भाऊला पाण्यातलं दिसायचं. तो काठावर उकिडवा बसायचा, डोळे बारीक करायचा आणि मग शांतपणे सांगायचा, मरळ कुठे आहे, केवढी आहे, पिल्लं राखून बसली आहे का. मरळ श्वास घ्यायला अधूनमधून पाण्यावर येते, हे मला त्यानेच सांगितलं. पिल्लांवरची मरळ तो धरत नसे. मला त्याच जागी आभाळ दिसायचं आणि आभाळातून जाणारा एखादा बगळा. त्याच्याकडे ना रीळ होतं ना टोपी. शेतात मात्र त्याचं काही धड चालत नव्हतं. ती बोंडअळीची वर्षं होती. कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर जायची, हिरवीगार दिसायची, आणि बोंड फोडलं की आत अळी. सगळं गाव एकाच गोष्टीवर बोलायचं. भाऊ पाण्यावर आला की तो विषय काढायचा नाही. “इथं नाई, सर,” एवढंच म्हणायचा.

तिसऱ्या का चौथ्या वर्षी त्याचे डोळे लाल राहायला लागले. नाकाच्या बाजूने पांढरट मांस वाढून बुबुळाकडे सरकत होतं. मी त्याला यवतमाळला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, ऊन आणि धूळ. उन्हाचा चांगला चष्मा वापरा, डोळे जपा, नाहीतर हे वाढत वाढत बाहुलीवर येईल. बाहेर आल्यावर भाऊने मांसाचा विषयही काढला नाही. त्याला निराळीच काळजी होती. “सर, पाणी लय चमकून राह्यलं आता. पयले इतकं नव्हतं चमकत. मासा दिसतच नाही मले.”

पाणी होतं तसंच होतं. पण त्याच्या तोंडून ते वाक्य ऐकलं आणि मला आत काहीतरी टोचलं. त्या माणसाकडे दुसरं होतं काय? मी तिथेच ठरवलं की याचे डोळे वाचवायचे, आणि मासेही परत दाखवायचे. दोन्ही एकाच चष्म्यात होतं. आणि त्या चष्म्यातलं यवतमाळात माझ्याइतकं कुणाला कळतं, असाही एक माज त्यात होता, तो लपवत नाही.

पुढच्या शनिवारी प्रयोगशाळेतली पोलरॉइडची चकती खिशात घालून मी भाऊला घेऊन निघालो. चकती चष्म्याच्या काचेवर धरून फिरवायची. खरी काच असेल तर एका जागी दोन्हीमधून काळोख होतो. खोटी असेल तर कितीही फिरवा, तसंच दिसतं. पहिल्या दुकानात सात चष्मे तपासले, सातही खोटे. दुकानदार म्हणाला, “साहेब, कंपनीचा माल आहे.” मी म्हटलं, कंपनी खोटं बोलते. दुसऱ्या दुकानात एक कार्ड होतं, चष्मा घातला की त्यावरचं लपलेलं चित्र दिसायचं. चित्र दिसलं, पण चष्मा करड्या काचेचा आणि बाजूने उघडा. तिसऱ्या दुकानातल्या माणसाने हात जोडले आणि म्हणाला, “घ्यायचा नसेल तर तसं सांगा, माझ्या बाकीच्या गिऱ्हाइकांना भडकवू नका.” भाऊ दाराशी उभा राहून हसत होता. त्याला काळाभोर, चौकोनी एक आवडला होता. मी हिसकावून परत ठेवला. त्याने आरशात पुन्हा चोरून बघितलं. मग स्वतःच म्हणाला, “नको. गावात म्हनतील, मोतीबिंदूचं आपरेशन झालं का रे बुढ्याचं.”

मेन रोडपासून आत एका बोळात म्हाताऱ्या चष्मेवाल्याचं दुकान होतं. तिथे मिळाला. तपकिरी, हलका, कानशिलापर्यंत वळलेला. चकती फिरवली, काळोख झाला. म्हाताऱ्याने आपला मोबाइल भाऊच्या समोर धरला आणि म्हणाला, मान वाकडी करा. भाऊने मान खांद्याकडे वाकडी केली. मोबाइलचा पडदा त्याला काळा ठिक्कर दिसला. मान सरळ केली, उजेड. पुन्हा वाकडी. चाळिशी उलटलेला तो माणूस दुकानात उभा राहून माना वेळावत होता आणि खदखदा हसत होता.

“मोबाइल मेला, सर! म्हणजे याच्यातून अंदर काईच येत नाही?”

“काहीच येत नाही,” मी म्हटलं. “मी तपासलाय ना.”

हे मी म्हटलं होतं. याच शब्दांत.

वैशाखातल्या रविवारी आम्ही पाण्यावर गेलो. सकाळचे नऊ वाजले असतील, पाण्याकडे बघवत नव्हतं. भाऊने चष्मा घातला, उकिडवा बसला आणि बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला. मला वाटलं, फसला आपला प्रयोग. मग तो अगदी हळू म्हणाला, “आले. सगळे आले, सर.” त्याच्या हनुवटीपर्यंत पाणी आलं होतं, डोळ्यांचं. त्या दिवशी त्याने दोन मरळी काढल्या. मी एवढा खूश होतो की घरी जाताना गाडीवर गाणं म्हटलं. बायकोने विचारलं, काय झालं, तर मी तिला जेवताना प्रकाशाचं ध्रुवीकरण समजावून सांगितलं. ती म्हणाली, भाजी गार होतेय.

पाऊस लागला. आषाढातल्या आखाडीच्या सणाला भाऊकडे माशांचं जेवण झालं, मी तिथे वरणभात खाल्ला. मग श्रावण आला. श्रावणात त्यांच्याकडे गळाला हात लावत नाहीत, तो काठीसकट आड्याला टांगून ठेवतात. चष्मा मात्र टांगून ठेवायची रीत नव्हती.

श्रावणाच्या मध्यावर मी सहज त्याच्या शेतावर गेलो. कपाशी इतकी उंच की आत माणूस आहे हे फक्त पंपाच्या आवाजावरून कळत होतं. पंप म्हणजे पाठीवरचं फवारणीचं यंत्र. थोड्या वेळाने पानं हलली आणि भाऊ बांधावर, धुऱ्यावर आला. नाकातोंडाला दुपट्टा बांधलेला, अंगातला शर्ट औषधाने भिजलेला, आणि डोळ्यांवर माझा चष्मा. तपकिरी काचेवर वाळलेले पांढरे ठिपके.

मी भडकलो. काय बघून भडकलो, ते सांगायलाच हवं, नाहीतर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. मी काच बघून भडकलो. म्हटलं, भाऊ, या काचेवर थर असतो, तो असल्या डागांनी उतरून जातो, चार दुकानांतून शोधून आणलेली वस्तू तुम्ही कशी वापरता? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात, तसा मी बंब घेऊन काचेकडे धावलो.

तो ओशाळला. “डोयाले औषध लागू नाही म्हणून घातला, सर. तुमीच म्हनलं होतं ना, अंदर काई येत नाही.”

इथे मी थांबायला हवं होतं. उजेड वेगळा आणि औषध वेगळं, हे शाळेतल्या पोराला कळतं. चष्म्याच्या खालून, गालाच्या बाजूने फवारा सरळ आत जातो, आणि एकदा गेला की काच त्याला तिथेच कोंडून धरते. हे मला कळत होतं का? कळत होतं. पण त्या क्षणी मला माझा चष्मा दिसत होता. मी त्याच्याकडून तो काढून घेतला, त्याच्या पिण्याच्या पाण्याच्या कॅनमधून ओंजळभर पाणी घेतलं आणि प्रात्यक्षिक दिलं. डाग वाळू द्यायचे नाहीत. लागले की लागलीच धुवायचा. कोरडा कधी पुसायचा नाही. आधी पाणी, मग हे मऊ फडकं, तेही एकाच दिशेने. बाकी कामं मागून. प्रयोगशाळेत माझं प्रात्यक्षिक कुणी ऐकत नसे, पोरं मोबाइलवर असायची. भाऊ दोन्ही हात मागे बांधून ऐकत होता. मी मोठ्या समाधानाने घरी आलो.

पोळ्याला आठ दिवस राहिले होते. मी सकाळी लोलक मांडत होतो आणि वहिनीचा, म्हणजे भाऊच्या बायकोचा फोन आला. त्याला यवतमाळला दवाखान्यात आणलं होतं.

त्या वॉर्डात त्या दिवसांत फवारणीचेच लोक होते. कुणाला उलट्या, कुणी बरळत होतं, एकाचे हात पलंगाला बांधले होते. भाऊ शुद्धीवर होता. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या. माझा आवाज ऐकला आणि उठून बसायला लागला.

“सर, चष्म्याले काई नाही झालं,” तो म्हणाला. “उशीखाली हाये, पाहा. पयले तोच धुतला म्या.”

मग त्याने सांगितलं. दुपारी वारा फिरला आणि फवारा तोंडावर आला. चष्म्याच्या आत गेला. डोळ्यांत मिरची भरल्यासारखं झालं. तो चाचपडत धुऱ्यावर आला. कॅनमध्ये तांब्याभर पाणी राहिलं होतं. त्याने चष्मा काढला, आधी एक काच धुतली, मग दुसरी, आतून बाहेरून, मग फडक्याने पुसली, एकाच दिशेने. उरलेलं पाणी डोळ्यांवर मारलं. ते पुरलं नाही. विहीर चार शेतं पलीकडे. जरा बरं वाटलं म्हणून चष्मा पुन्हा घातला आणि पाठीवरचा पंप संपवला, कारण अर्धा पंप औषध टाकून कोण देतं?

मी उशीखालून डबी काढली. चष्मा स्वच्छ होता. एक ओरखडा नव्हता.

वहिनी पलंगाच्या पायथ्याशी बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही. “तुमी शिकलेले-सवरलेले, सर,” ती म्हणाली. “शेतावर आले होते. डोयावर चष्मा पाह्यला होता. औषधाच्या टायमाले नको घालू, एवढा एक शब्द सांगता नाही आला तुमाले? फडक्याचं सांगून गेले.”

मी चहा आणतो म्हणून बाहेर गेलो आणि बराच वेळ जिन्यात उभा राहिलो. शेवटी चहा न घेताच वर आलो.

पोळ्याला त्याचे बैल शेजाऱ्याने सजवले. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की डोळ्याचा समोरचा पारदर्शक पडदा भाजला आहे, दोन्हीकडे. नागपूरला नेलं. एकदा, दोनदा, पाचदा. उजवा डोळा पांढरा पडला. डाव्याने उजेड आहे की अंधार, एवढं कळतं. दुसऱ्याचा पडदा बसवण्यासाठी नाव लिहून घेतलं, पण तिथले डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, तुम्ही शिकलेले दिसता म्हणून सांगतो, धरून बसू नका, खालची जमीनच जळलीय, नवा पडदा रुजणार नाही. तेव्हापासून ‘शिकलेले’ या शब्दाची मला धास्ती बसली आहे. नाकाच्या बाजूने वाढणाऱ्या त्या मांसाचं कुणी नावही काढलं नाही. त्याची भीती घालूनच मी त्याला चष्मा घ्यायला लावला होता. आणि ती कपाशी, जिच्यावर तो पंप संपवला, ती दिवाळीच्या आत गुलाबी अळीने खाल्ली. वेचायला निघाला तो कवडी कापूस, घाणेरडा, पिवळा पडलेला. शेत बटईने, अर्ध्या वाट्यावर दुसऱ्याला दिलं. वहिनी लोकांच्या निंदणाला जायला लागली.

मी जाणं कमी केलं. कारणं काढायचो, परीक्षा आहेत, गाडी बिघडली आहे. खरं कारण असं की तो मला कधी एका शब्दानेही बोलला नाही. वहिनीचं बोलणं सोसवत होतं. त्याचं ‘या सर, बसा सर’ सोसवत नव्हतं. तो चिडला असता, त्याने ती डबी माझ्या अंगावर फेकली असती, तर मी कदाचित दर रविवारी गेलो असतो. असा मी माणूस आहे.

पुढच्या वैशाखात त्याचाच फोन आला. शेजाऱ्याच्या पोरीकडून लावून घेतला होता. “सर, पाणी उतरलं असंन आता. चला ना.”

नाही म्हणणं मला जमलं नाही. गाडीवर मागे बसवून नेलं. काठावर त्याचा हात धरून त्याला बसवलं तर त्याने जागा बदलून घेतली, म्हणाला, इथं नाही, बाभळीच्या तुटक्या ठुठाच्या उजव्या अंगाले बसवा. बसल्यावर खिशातून डबी काढून माझ्याकडे धरली. “तुमी घाला. अन् सांगा मले.”

मी घातला. मी निवडलेला चष्मा खरोखर चांगला होता. चकाकी नाहीशी झाली. पाण्याखालचे दगड दिसले, शेवाळ दिसलं, बुडालेल्या बाभळीची एकेक फांदी दिसली. मासा दिसला नाही. असेलही. मी कुठे बघायचं तेच मला कळत नव्हतं. पंधरा मिनिटं झाली असतील. तो काठी हातात धरून माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड करून बसला होता, आणि त्या पांढऱ्या डोळ्याकडे मला बघवेना.

“आहे,” मी म्हटलं. “ठुठाच्या पुढं, तीन हातांवर. मोठी आहे.”

त्याने मनगट हलवलं. मी सांगितलं त्याच जागी, बोटभरही चूक नाही, गळ पडला. मग आम्ही बसलो. ऊन वर आलं. दोरी हलली नाही. कितीतरी वेळाने तो म्हणाला, “नव्हती ना, सर?”

मी चष्मा काढून डबीत ठेवला.

“मले मालूम होतं. वर आली असती श्वास घ्याले, तर पाणी वाजलं असतं. मी ऐकूनच राह्यलो होतो.”

“मग टाकला काहून, भाऊ?”

“तुमी म्हटलं म्हणून,” तो म्हणाला.